फळीवरची संध्याकाळ

चहाच्या रिकाम्या खोक्याची एक बाजू मी वाण्याकडून मागून आणली, तेव्हा त्याला वाटलं मी ती चुलीत घालायला नेते आहे. मीही खुलासा केला नाही. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. त्या काळच्या चिखलीत एखाद्या बाईने ‘घर आतून कसं वाटावं हे ठरवायला फळी हवी आहे’ असं भर दुकानात सांगितलं असतं, तर तो चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिला असता आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. मी मुलींच्या शाळेत चित्रकला आणि हस्तकला शिकवत होते. माझ्याबद्दल बोलायला गावाला तेवढं पुरेसं होतं.

एकटी राहत होते हे दुसरं कारण. लग्न झालं तेव्हा माझा नवरा नागपूरला सरकारी कचेरीत कारकून होता. नवं राज्य झालं, ती कचेरी उचलून मुंबईला गेली आणि कपाटं, फायली, पंखे यांच्याबरोबर आमचे हेही गेले. (नवऱ्याला अरे-तुरे लिहायची आमची पिढी नव्हे, म्हणून या पानांत ते ‘हे’च राहतील.) मुंबईत जागा मिळेना. एका खोलीत आठ जण राहायचे, त्यातले हे एक. मी चिखलीत भाड्याच्या खोलीत. वर्षातून दोनदा भेट, एकदा दिवाळीत आणि एकदा मे महिन्यात.

सासऱ्यांनी मेहकर रस्त्याला एक जागा घेऊन ठेवली होती. ते गेल्यावर ती यांच्या वाट्याला आली. सासूबाई थोरल्या दिरांकडे जळगाव जामोदला असत. तेव्हा आमचं दोघांचं असं ठरलं की त्या जागेवर मी घर बांधून घ्यायचं, आणि घर उभं राहिलं की यांनी बुलडाण्याला बदली मागायची. बुलडाणा ते चिखली रोज जा-ये करता येते, कितीतरी लोक करत. घर झालं की नवरा येणार, इतकं सरळ होतं ते. मी दुसरा कसलाच विचार करत नव्हते.

फळीचं वेड मला नागपूरच्या प्रशिक्षणात लागलं. गृहसजावट शिकवणाऱ्या आमच्या बाई फार कडक होत्या. त्या म्हणायच्या, आधी सामान आणून मग खोली लावणारी माणसं घर मांडत नाहीत, दुकान मांडतात. आधी ठरवा की या खोलीत पाऊल टाकणाऱ्याला काय वाटलं पाहिजे. ते एका ओळीत फळीवर वर लिहा. मग त्या ओळीखाली रंग, कापड, लाकूड, गवत, चित्र, जे जे त्या ओळीशी जुळेल ते टाचा, आणि महिनाभर रोज येता-जाता बघा. जे डोळ्यांना खटकेल ते काढून टाका. या फळीला त्यांनी ‘संकल्पना-फलक’ असं भारदस्त नाव दिलं होतं. वर्गातल्या निम्म्या जणींनी ते परीक्षेपुरतं पाठ केलं. मी मात्र त्या एका गोष्टीवर भाळले. चिखलीला आल्यावर शाळेतल्या मुलींकडून देवघराच्या, स्वयंपाकघराच्या अशा किती फळ्या करून घेतल्या असतील त्याला गणती नाही. स्वतःसाठी करायची वेळ आता आली होती.

वरची ओळ लिहायला मला दोन आठवडे लागले. शेवटी लिहिलं: ‘संध्याकाळ. कुणीतरी घरी आलं आहे.’

त्या ओळीमागे माझ्या रोजच्या संध्याकाळी होत्या. शाळा सुटली की मी खोलीवर यायचे, वह्या तपासायचे, आणि मग काही करण्यासारखं उरायचं नाही. सहाच्या सुमारास बुलडाण्याची गाडी यायची. स्टँड माझ्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर होता. गाडीचा आवाज आला की थोड्या वेळाने गल्लीतून माणसं जायची, हातात पिशव्या, कुणाच्या सायकलची घंटी. मग एकेका घरातून कडी काढल्याचा आवाज, पाण्याचा तांब्या, ‘आलात का’ अशी विचारणा. माझ्या दाराची कडी कुणी वाजवत नसे. मला फार एकटं वाटायचं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण नोकरी करणाऱ्या बाईला कसलं दुःख असणार असंच सगळे धरून चालत. तेव्हा घर बांधायचं तर त्या सहाच्या वेळेसाठी बांधायचं, असं मी ठरवून टाकलं.

फळी भरू लागली. चुन्यात पिवळी माती कालवून जाड कागदावर पाच छटा काढल्या. त्यातली कडब्याच्या रंगाची ठेवली, बाकीच्या काढल्या. पडद्यासाठी विटकरी खादीचा तुकडा. सुताराकडून सागवानाचा एक लांब, गुंडाळलेला छिलका. शहाबादी फरशीचा रंग दाखवायला पाटीचा तुटका कोपरा. एका मासिकातून कापलेलं कंदिलाचं चित्र. वेताच्या दोन खुर्च्या मी स्वतः काढल्या, खिडकीकडे तोंड केलेल्या. घरमालकीणबाई रोज दारातून डोकावायच्या. एकदा न राहवून त्यांनी विचारलंच की बाई, चिंध्या विकून राह्यल्या काय. मी समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी आपल्या जुन्या चोळीचा खण आणून दिला, होत असेल विक्री तर बघा म्हणून.

फळीत यांचाही वाटा असावा असं मला वाटत होतं. बाईंनी शिकवलंच होतं की घरातल्या प्रत्येकाने फळीवर काहीतरी लावलं पाहिजे, नाहीतर ते घर एकाचंच होतं. मी यांना लिहिलं, छटांचे तुकडे आणि खादीचे चार धागे पाकिटात घालून पाठवले, आणि विचारलं की घरात शिरल्यावर तुम्हाला काय दिसावंसं वाटतं? काही सापडलं तर पाठवा, एखादं कापड, कागद, काहीही. हे नेहमी आंतर्देशीय पत्र लिहीत. त्याच्या आत काही घालायला पोस्टाची बंदी असते, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. उत्तर आंतर्देशीयच आलं. खोलीतल्या एकाला कावीळ झाली, साहेब बदलले, पाणी पहाटे येतं. आणि अगदी शेवटी, चिकटवायच्या घडीवर, बारीक अक्षरात: ‘तुला बरं वाटेल ते कर. माझं काय, दारामागे एक खुंटी असली की झालं.’

मला राग आला. मी चार महिने जीव ओतून बसले आहे आणि या माणसाला खुंटी सुचते. शाळेतल्या एका बाईंना ती ओळ वाचून दाखवली. त्या हसल्या, मीही हसले. पुरुषांना काय कळतं घरातलं, असं आम्ही दोघींनी म्हटलं. पत्र मी डब्यात टाकलं. फळीवर लावण्यासारखं त्यात काही नव्हतं.

बांधकाम उन्हाळ्याआधी सुरू झालं. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, वर टिनपत्रे. गवंडी मेहकरकडचा होता, वयाने मोठा, बोलायला सावकाश. मी रोज शाळा सुटल्यावर फळी काखेत मारून कामावर जायचे आणि ती भिंतीला टेकवून ठेवायचे. त्याला प्रथम तो नकाशा वाटला. नकाशा नाही म्हटल्यावर तो फळीपुढे उकिडवा बसला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला की दिवेलागणीचं दिसून राह्यलं. एवढं तर माझ्या वर्गातल्या मुलींनाही समजलं नव्हतं. तेव्हापासून मी त्याला मानू लागले, पण ऐकलं मात्र त्याचं काही नाही.

रंगाच्या वेळी आमची जुंपली. त्याने पिवळ्या मातीचा पहिला हात मारला, तो मला फळीपेक्षा फारच गडद दिसला. मी म्हटलं, अजून चुना घाला. तो म्हणाला वाळू द्या, ओला चुना खोटं बोलते. मी ऐकलं नाही. त्याने घातला. दोन दिवसांनी भिंत वाळली तर अशी फटफटीत की दवाखान्यात आल्यासारखं वाटावं. मग सगळं पुन्हा. या खेपेला मी तोंड मिटून बाहेर बाभळीखाली बसले आणि भिंत वाळेपर्यंत आत पाऊल टाकलं नाही. वाळली तेव्हा ती कडब्याच्या रंगाची होती, थेट फळीवरच्यासारखी.

खुंटीचं त्याच्या आधीचं. गिलावा ओला होता तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे गवंडी गिलाव्यातच लाकडी खुंट्या बसवून देतात, घरात जितके पुरुष तितक्या, दारामागे किंवा दारासमोर. मागून ठोकल्या तर भिंतीला खड्डे पडतात. त्याने आपल्या पिशवीतून बाभळीच्या तासलेल्या खुंट्या काढून फरशीवर मांडल्या आणि विचारलं, “गडी मानसं किती हायेत घरात?”

“एक. तेही मुंबईला.”

“मंग एक बसवतो.”

मी एकही नको म्हणाले. माझ्या माहेरी भिंती दिसतच नसत. चार काका, वडील, भाऊ, प्रत्येकाची खुंटी, प्रत्येकीवर घामट सदरा, टोपी, छत्री, जुनं पंचांग. त्या ओझ्याखाली मी लहानाची मोठी झाले होते. माझ्या भिंतीवर मला संध्याकाळचं ऊन हवं होतं, सदरे नव्हेत. गवंडी खुंटी हातात फिरवत थोडा वेळ उभा राहिला.

“बाई, मानूस घरात आला का पयले हात खुटीकडं जाते. नसली तं हात कुठं नेईन थो?”

मी फळीकडे बोट दाखवलं. म्हटलं, इथे कुठे दिसते का तुम्हाला खुंटी? ते त्याला पटलं असं नाही, पण घर माझं होतं. त्याने खुंट्या पिशवीत टाकल्या.

वास्तुशांत मार्गशीर्षात झाली. त्या वर्षी नव्या साहेबांनी यांना मे महिन्यातही रजा दिली नाही आणि दिवाळीतही नाही, म्हणून घर यांनी अजून पाहिलं नव्हतं. हे आदल्या दिवशी मलकापूरला आगगाडीतून उतरून एस.टी.ने घाट चढून आले. सासूबाई, दीर, जाऊ, शाळेतल्या बाया, सगळे आले. पुरणपोळ्या झाल्या. घर सगळ्यांना आवडलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाहुणे पांगले आणि आम्ही दोघेच उरलो. यांची रजा अजून चार दिवस उरली होती.

त्या दिवशी हे काही कामाने स्टँडवर गेले होते. मी मुद्दाम आवराआवर केली. पडदे सारखे केले, दोन्ही खुर्च्या खिडकीकडे वळवल्या, कंदील पुसून तयार ठेवला. सहाच्या सुमारास कडी वाजली. ऊन भिंतीवर होतं, विटकरी पडद्यातून आलेलं. फळीवरची ओळ खरी झाली होती, शब्दन्‌शब्द. मी दार उघडलं, “आलात का,” म्हटलं, आणि चहा टाकायला आत गेले. स्वयंपाकघराच्या दारातून मला बाहेरची खोली दिसत होती.

यांनी शर्ट काढला. तो हातात घेऊन ते खिडकीजवळच्या भिंतीपाशी गेले. मग समोरच्या भिंतीपाशी. दार थोडं लोटून दारामागे पाहिलं. आतल्या खोलीत जाऊन आले. पुन्हा बाहेरच्या खोलीत मधोमध उभे राहून चारी बाजूंनी पाहत राहिले. मला वाटलं, घर बघताहेत. माझे डोळे भरून आले. एका माणसाने तरी या भिंतींकडे इतकं निरखून पाहिलं, याने सार्थक झाल्यासारखं वाटलं मला. शर्ट त्यांच्या हातातच होता, तो मला दिसत होता आणि दिसत नव्हता.

“शर्ट कुठं ठेवू वं?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आत ट्रंकेवर ठेवा. ट्रंक माझी होती, वर माझ्या इस्त्रीच्या साड्या होत्या. त्या पाहून ते परत आले, खुर्चीत बसले, मांडीवर शर्टाची नीट घडी घातली आणि ती आपल्या पिशवीत ठेवली. किती नीटनेटके आहेत, असं माझ्या मनात आलं.

चार दिवस ते तसेच राहिले. टॉवेल पिशवीत, कंगवा पिशवीत, दाढीचं सामान वापरून झालं की पुसून पिशवीत. खुर्चीत बसत ते कडेला. पाणी हवं असलं तर मागत, स्वतः घेत नसत. मी म्हटलं, संकोच कसला, तर हसले. शेवटच्या दिवशी दुपारी मी विचारलं की बदलीचा अर्ज कधी देणार. मला वाटत होतं तो देऊनच आले असतील.

“दिला नाही अजून,” हे म्हणाले. “म्हटलं आधी घर पाहून येतो.”

“मग? पाहिलंत की.”

त्यांनी पिशवी जवळ ओढली. मग मुंबईच्या खोलीचं सांगू लागले. आठ जण, आठ खिळे. माणूस नवा आला की आधी त्याला खिळा दाखवतात, झोपायची जागा नंतर. दोघे कायमचे गावी गेले तरी त्यांच्या खिळ्यांवर महिनाभर कुणी काही अडकवलं नाही. यांचा खिळा खिडकीच्या उजव्या हाताला आहे. कचेरीतून आलं की शर्ट तिथे जातो, अंधारातही जातो, बघावं लागत नाही. हे सगळं त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही, गावाकडचं काही सांगावं तसं सांगितलं. मला ते ऐकताना चीड आली. सात अनोळखी पुरुषांच्या त्या कोंदट खोलीचं कौतुक माझ्या नव्या घरात बसून चाललं होतं.

“एवढ्या एका खुंटीसाठी?” मी म्हटलं.

“खुंटीसाठी नाही वं.” ते उठले, पिशवीचे बंद बांधले. “घर चांगलं झालं तुझं. खरंच चांगलं झालं.”

‘तुझं’ हा शब्द मी तेव्हा ऐकला. त्याच्यावर भांडायला हवं होतं, पण गाडीची वेळ झाली होती आणि आमच्यात भांडायची सवय लागण्याइतके आम्ही कधी एकत्र राहिलोच नव्हतो. मी स्टँडपर्यंत गेले. गाडी सुटताना यांनी खिडकीतून हात केला.

पुढचं थोडक्यात सांगते. अर्ज यांनी दिला नाही. त्या वर्षी नाही, नंतरही नाही. मुंबईत बढती झाली, आठांचे सहा झाले, सहाचे चार, खोली तीच राहिली. हे दिवाळीत येत, मे महिन्यात येत. आम्ही कधी वाईट वागलो नाही एकमेकांशी. मूल झालं नाही. निवृत्तीनंतर ते आले आणि आठ वर्षं या घरात राहिले, पण तोवर आम्ही दोघेही एकट्याने राहण्यात तरबेज झालो होतो, आणि ती सवय दोघांनाही शेवटपर्यंत मोडता आली नाही. माणसं म्हणतात वेळेचा दोष, नोकरीचा दोष. असेल. पण मला त्या चार दिवसांचं विसरता येत नाही.

त्या दुपारी मी स्टँडवरून परत आले आणि पत्रांचा डबा काढला. ते आंतर्देशीय वरच होतं. चिकटवायच्या घडीवरची ती बारीक अक्षरं पुन्हा वाचली. मी विचारलं होतं, तुम्हाला काय हवं, आणि यांनी सांगितलं होतं. विचारलं त्याचंच उत्तर दिलं होतं. मीच ते थट्टेवारी नेलं, आणि मग फळीवर लिहिलं नाही म्हणून भिंतीवरही ठेवलं नाही.

मी शेजाऱ्यांकडून हातोडी मागून आणली. बाभळीची खुंटी माझ्याकडे नव्हती, एक मोठा खिळा होता. दारामागे जागा धरली आणि ठोकला. गवंडी म्हणाला होता तसंच झालं. तळहाताएवढा गिलावा निघून फरशीवर पडला, आतली वीट दिसू लागली. कडब्याच्या त्या सुंदर भिंतीला भोक पडलं. खिळा वाकडा बसला, पण घट्ट बसला.

मग त्याच्यावर काय अडकवावं म्हणून मी घरभर हिंडले. यांचा एखादा रुमाल, बनियन, जुनी टोपी, काहीही. ट्रंक उपसली, स्वयंपाकघर पाहिलं, खुर्च्यांखाली वाकून पाहिलं. चार दिवस राहून गेलेल्या माणसाची त्या घरात एकही वस्तू नव्हती. सगळं पिशवीत घालून ते नीट परत घेऊन गेले होते.

सहाची गाडी आली. ऊन पडद्यातून भिंतीवर आलं, दोन्ही खुर्च्यांवर आलं, दारामागच्या रिकाम्या खिळ्यापर्यंत गेलं. सगळं फळीवर होतं तसंच दिसत होतं. मी एका कपाचा चहा टाकला.